२२ मायक्रोअँपिअर

रविवार, रात्री उशिरा

शेवटी मीटरवर २२ दिसले! मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे दहा लाखावे भाग: झोपलेला सेन्सर बॅटरीतून एवढाच करंट ओढतो. आता निवांत लिहायला बसतोय.

खिडकीबाहेरचा तापमानाचा सेन्सर दोन महिने डोक्यातून जात नव्हता. आत छोट्या तयार बोर्डवर बसवलेली ईएसपी८२६६ ही वायफायची चिप. पहिल्या कोडमध्ये वायफाय सतत चालू, म्हणजे साधारण ७० मिलीअँपिअर. २५०० मिलीअँपिअर-तासांचा सेल दीड दिवसात संपला. मग दर दहा मिनिटांनी उठायचं, आकडा पाठवायचा आणि पुन्हा डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून गाढ झोपेत जायचं, असा कोड लिहिला. हिशेबाने पाच महिने जायला हवे होते, पण दोन आठवड्यांतच सेलने मान टाकली.

आज मीटर सिरीजमध्ये, म्हणजे सेल आणि बोर्ड यांच्या मधोमध लावून पाहिलं. चिप झोपलेली असतानाही ७ मिलीअँपिअर जात होते. म्हणजे बोर्ड जागा होता: यूएसबीची चिप, व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर आणि तो इवलासा लाल एलईडी. बोर्डच बाजूला केला. ईएसपी८२६६ चं नुसतं मॉड्यूल ठेवून त्याला लिथियम आयर्न फॉस्फेटचा १५०० मिलीअँपिअर-तासांचा सेल थेट जोडला. याचं व्होल्टेज बराच काळ ३.२ च्या आसपास टिकून राहतं आणि चिपला तेवढं पुरतं, त्यामुळे मध्ये रेग्युलेटर लागत नाही.

मोजण्यातही एक गोम होती. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध इतका असतो, की चिप जागी होऊन करंट ओढायला लागली की व्होल्टेज कोसळतं आणि ती रीसेट होते. म्हणून मीटरच्या दोन्ही टोकांवर वायरचा तुकडा धरायचा आणि चिप झोपली की अलगद उचलायचा. चौथ्या खेपेला जमलं.

उरलेली बचत नेटवर्कमध्ये सापडली, आणि मला सगळ्यात आवडला तो हाच भाग. चिप ५ सेकंद जागी राहायची. त्यातला बहुतेक वेळ राऊटर शोधण्यात आणि त्याच्याकडून आयपी पत्ता मागण्यात जायचा. पत्ता, चॅनेल आणि राऊटरचा मॅक (त्याचा हार्डवेअर पत्ता) कोडमध्येच लिहून टाकले. आता २ सेकंदांत काम उरकतं. निरोप एमक्यूटीटीने जातो; छोटे निरोप पाठवण्याचा हा एक प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तो प्रोटोकॉल बांधला. उपग्रहाची लिंक महाग, म्हणून हेडर, म्हणजे निरोपाआधी जाणारी माहिती, कमीत कमी २ बाइटचा. त्यांची ती काटकसर आज माझ्या खिडकीत कामाला आली, याचं फार अप्रूप वाटतंय.

नव्या हिशेबाने सेल आठेक महिने जावा. तारीख डब्यावर मार्करने लिहून ठेवली आहे.

आता राऊटर. तो ९ वॅट खातो, म्हणजे महिन्याला साडेसहा युनिट. वीज गेली की बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टर २३० वर नेतो आणि अॅडॉप्टर पुन्हा १२ वर आणतो. दोन्ही वेळा वीज उष्णतेत जाते. मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज थेट हव्या त्या व्होल्टेजवर आणणारं सर्किट) टाकून राऊटर थेट बॅटरीवर घ्यायचा आहे. पुढच्या रविवारी.