सूर्याकडनं येणारं पाणी किती फुटावर?

पावसाळ्यात आमच्या घरात चहाच्या आधी एकच प्रश्न, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या कोल्हापुरात, दुधाळीत शाळकरी पोरांनाही पाठ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा ते आमच्या घरात शिरलं होतं आणि आजीला घेऊन आम्ही मावशीकडं जाऊन राहिलो, त्यामुळं तो आकडा आमच्यासाठी नुसती बातमी नसते. वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की आबा घड्याळ बघतात आणि धान्याची पिंपं माळ्यावर कधी चढवायची ते ठरवतात.

मी पीएचडीला जे करतोय ते आबांना समजावून सांगायला मला अख्खी दोन वर्षं लागली, आणि शेवटी समजलं ते ह्या बंधाऱ्यामुळंच.

माझा विषय सौर वारा. सूर्यातनं प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सतत बाहेर वाहत असतात, सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर वेगानं, आणि जाताना सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत ओढत नेतात. युजीन पार्कर ह्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५८ ला हे गणितानं मांडलं तेव्हा परीक्षकांनी पेपर नाकारला होता, जर्नलचे संपादक होते आपले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांनाही कल्पना पटली नव्हती पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी छापला, आणि चार वर्षांनी मरीनर २ यानानं तो वारा प्रत्यक्ष मोजला. न पटणारी गोष्ट गणित बरोबर आहे म्हणून छापायची, ह्याला मोठं मन लागतं.

आता पुराचं. कधी कधी सूर्यावरनं अब्जावधी टन वायूचा लोंढा एकदम सुटतो. दुर्बिणीतनं तो निघताना दिसतो, त्याचा आकार आणि वेग काढता येतो, पण पृथ्वीवर कधी पोचणार ह्याचा अंदाज अजूनही सरासरी दहा-बारा तासांनी चुकतो. आणि नुसतं किती पाणी येतंय हे कळून भागत नाही, लोंढ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचं तोंड कुठं आहे त्यावर सगळं ठरतं. उत्तरेला असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच बरंचसं अडवून धरतं, दक्षिणेला असेल तर कवचाचं दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. आम्ही त्याला बीझेड म्हणतो, दिवसभर तोंडात तोच शब्द. आणि हा बीझेड लांबनं दिसतच नाही! तो कळतो थेट एल-१ बिंदूवर, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर, जिथं सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या ओढीमुळं यान रेषेत टिकून राहू शकतं आणि आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून फिरतंय. तिथनं पृथ्वीपर्यंत लोंढ्याला लागतो एखादा तास, जोरात असला तर अर्धाच. म्हणजे राधानगरीचं काहीच कळत नाही आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की फोन येतो, तशातली गत.

१० मे २०२४, अक्षय तृतीयेची रात्र. घरी आमरस-पुरीचं जेवण झालेलं, मी गच्चीवर लॅपटॉपवर एल-१ वरनं येणारे सौर वाऱ्याचे आकडे बघत बसलेलो. दोन-तीन दिवसांत सूर्यावरच्या एकाच डागसमूहातनं एकामागोमाग लोंढे निघाले होते आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती जशा चिखलीच्या प्रयागला एक होतात तसे ते वाटेत एकमेकांत मिसळले होते. दहा वाजून गेले आणि वेगाची रेघ एकदम वर उडाली. मग बीझेड खाली, आणखी खाली, उणे ५० नॅनोटेस्लाच्या आसपास (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप, आणि उणे म्हणजे तोंड दक्षिणेला). माझ्या अंगावर काटा आला. साडेदहाच्या सुमारास जमिनीवरच्या चुंबकमापकांनी झटका नोंदवला. त्या रात्री लडाखात हानलेला ध्रुवीय प्रकाशानं आकाश लाल झालं, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर रेघ सोडून भरकटायला लागले. आबा पाण्याची बाटली घेऊन वर आले, "काय बघालायस रं एवढं?" मी म्हटलं, पाणी चढालंय आबा. ते शेजारी बसले आणि तासभर ती रेघ बघत राहिले.

सकाळी त्यांनी विचारलं, "मग मधी एखादा बंधारा घाला की." मला इतका आनंद झाला, कारण आमच्या विषयातले लोक नेमका ह्याच प्रश्नावर डोकं फोडतायत. एल-१ च्या अलीकडं, सूर्याच्या बाजूला यान थांबवता येत नाही, सूर्याच्या जवळचं यान पृथ्वीपेक्षा भरभर फिरतं आणि सूर्य-पृथ्वीच्या रेषेतनं निसटतं. आबा म्हणाले, मग लई सोडायची, एक गेलं की दुसरं रेषेत आलं पाहिजे. असा प्रस्ताव खरोखर मांडला गेलाय!

मार्च २०२२ ला तर सोलर ऑर्बिटर हे युरोपचं यान योगायोगानं अर्ध्या वाटेवर त्या रेषेत आलं होतं, आणि त्यानं मोजलेल्या बीझेडवरनं पृथ्वीवर काय येणार ते लोंढा पोचायच्या आधी सांगता आलं. त्या पेपरातला आलेख मी आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन रेघा एकमेकींवर बसतायत का ते बोट फिरवून बघितलं आणि पहिलं विचारलं, "किती तास आधी?"

एका दिवसाच्या वर, मी म्हटलं.

"मग पिंपं चढवायला बख्खळ वेळ की."