पांढऱ्या ठिपक्यांवरील उपचार: १६ दिवसांची नोंद

राजारामपुरीतील आमच्या घरच्या माशांच्या ६० लिटरच्या टाकीत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काळ्या मॉली माशाच्या शेपटीवर रव्याच्या कणासारखे तीन ठिपके दिसले. टॉर्च तिरका धरून पाहिल्यावर नारिंगी प्लॅटी माशांच्या परांवरही तसेच कण आढळले, आणि दोन मासे खडीवर अंग घासत होते. आठ दिवसांपूर्वी आणलेल्या चार प्लॅटी मी वेगळ्या न ठेवता थेट टाकीत सोडल्या होत्या आणि त्याच सुमारास कोल्हापुरात थंडी वाढून पाणी २१ अंशांवर आले होते.

हा रोग इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी ठिपके गेलेले पाहून मी उपचार थांबवले आणि सात निऑन टेट्रा गमावले; त्या दुःखामुळेच या वेळी परजीवीचे जीवनचक्र नीट समजून घेतले. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या त्वचेत वाढत असतो आणि तेथे मीठ किंवा औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ पूर्ण झाल्यावर तो माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती आवरण तयार करतो, आणि त्यातून शेकडो नवे जीव माशाच्या शोधात पाण्यात सुटतात. उपचार लागू पडतो तो या पोहणाऱ्या जीवांवरच. पाणी थंड असेल तर हे चक्र रेंगाळते आणि ऊब मिळाली की भराभर पुढे सरकते, म्हणून तापमान वाढवायचे.

खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता टाकीत पाणी ५० लिटर भरते. त्यामुळे लिटरला २ ग्रॅम या हिशेबाने १०० ग्रॅम जाडे मीठ बादलीत विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांनी घातले. तापमान रोज साधारण २ अंशांनी वाढवत पाचव्या दिवशी ३० अंशांवर नेले. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून दुसरा एअर पंप जोडला. व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती मासे नसलेल्या बादलीत हलवली. कॉरिडोरास किंवा लोच हे तळाशी राहणारे मासे पाळणाऱ्यांनी मात्र मिठाचे हे प्रमाण जसेच्या तसे वापरू नये.

एक दिवसाआड नळीने खडीचा तळ शोषून १० लिटर पाणी काढले आणि क्लोरीन घालवलेले तेवढेच कोमट पाणी २० ग्रॅम मिठासह भरले. वाफ होऊन घटलेल्या पाण्याच्या जागी मात्र साधेच पाणी घालावे, कारण मीठ उडून जात नाही. हा हिशेब चुकला की प्रमाण नकळत वाढत जाते.

चौथ्या दिवशी ठिपके दुपटीने वाढले, सहाव्या दिवशी एक प्लॅटी गेली, आठव्या दिवशी सर्व अंगे स्वच्छ झाली. नवव्या दिवशी दुपारी पाच तास वीज नव्हती. टाकीला घोंगडे गुंडाळून बॅटरीचा पंप लावला, तरी पाणी २६ अंशांपर्यंत उतरले. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही मीठ आणि ऊब आणखी आठ दिवस ठेवली.

आज सोळावा दिवस आहे. मॉलीने सकाळी पर पूर्ण पसरून पृष्ठभागावरचे खाद्य घेतले. उद्यापासून हीटर रोज एका अंशाने खाली आणून २६ वर स्थिर करणार आहे आणि पाणी बदलताना मीठ न घालता ते हळूहळू कमी करणार आहे. नव्या माशांसाठी २० लिटरचा वेगळा टब आणि त्याचा स्वतंत्र स्पंज फिल्टर काल मांडून ठेवला.