विद्यार्थी संघटनेत शिरताना: अर्ज, गटचर्चा आणि पहिले फोन

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मी ठरवलं, की नोकरीच्या मुलाखती सुरू व्हायच्या आत कुठेतरी प्रत्यक्ष काम करून बघायचं. ताळेबंद मांडता येत होता, मार्केटिंगचे चार 'पी' पाठ होते. पण अनोळखी माणसाला फोन लावून 'मला तुमची दहा मिनिटं हवी आहेत' असं म्हणायची वेळ कधी आली नव्हती. कॉलेजात आयसेक या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटनेची भरती निघाली आणि मी अर्ज भरला. आता त्याच संघटनेत मी नव्या मुलांच्या मुलाखती घेते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यामुळे जे कळलं, ते लिहिते आहे.

अर्जाआधी मी अशा संघटनांची माहिती वाचून काढली होती, त्याचा फार उपयोग झाला. वरून सगळ्यांची भाषा एकच असते, नेतृत्व आणि करिअर. आतलं काम मात्र निरनिराळं. अमेरिकेतल्या एफबीएलएची पहिली शाखा १९४२ मध्ये निघाली, डेका १९४६ ची. या दोन्हींत स्पर्धांना मोठं स्थान आहे. डेकाच्या वैयक्तिक रोल-प्लेमध्ये धंद्यातला एखादा प्रसंग हातात देतात, तयारीला दहा मिनिटं मिळतात आणि मग परीक्षकासमोर तो प्रसंग निभावून दाखवायचा असतो. एनॅक्टस १९७५ मध्ये 'साइफ' या नावाने सुरू झाली. तिथे विद्यार्थी एखादा सामाजिक प्रश्न घेतात, त्यावर चालेल असा उद्योग उभा करतात आणि स्पर्धेत उद्योगक्षेत्रातल्या परीक्षकांपुढे तो मांडतात. आयसेक १९४८ ची, म्हणजे दुसरं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. देशादेशांतल्या तरुणांनी एकमेकांना ओळखावं हा तिच्यामागचा हेतू, म्हणून परदेशी इंटर्नशिप आणि स्वयंसेवा हेच तिचं आजही मुख्य काम आहे. ज्याला 'केस', म्हणजे धंद्यातला एखादा अडचणीचा प्रसंग, सोडवायला आवडतो त्याने स्पर्धांच्या संघटनेत जावं. मला माणसांशी बोलून व्यवहार जुळवायला शिकायचं होतं, त्यामुळे माझी निवड सोपी होती.

अर्जात 'तुम्ही जबाबदारी घेतल्याचा एक प्रसंग लिहा' असा प्रश्न होता. इथे बहुतेक जण 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत' या धाटणीचं लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. मी वार्षिक संमेलनाच्या हिशेबाबद्दल लिहिलं. रोज संध्याकाळी रोकड आणि पावत्या जुळवायच्या, फरक आला तर त्याच दिवशी शोधायचा आणि दोघांच्या सहीचा कागद फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. हे मोठं काम नव्हतं, पण काय केलं ते त्यात दिसत होतं. आज अर्ज वाचताना मीही तेच शोधते.

गटचर्चेत केस दिली होती: कार्यक्रम तोंडावर आला आहे आणि प्रायोजकाने माघार घेतली आहे, काय कराल? सगळ्यांना आधी बोलायची घाई. एका मुलीने मात्र वहीत दोन रकाने पाडले, पैसे कुठून आणायचे आणि खर्च कुठे कापायचा. जो जे बोलेल ते ती त्यात टाकत गेली. वेळ संपत आल्यावर तिने विचारलं, "मग आपलं ठरलं काय?" त्या एका प्रश्नाने चर्चा जागेवर आली. तिची निवड झाली, आणि आता गुणांचा तक्ता माझ्या हातात असतो तेव्हा मला कळतं की ती का झाली. कोण किती बोललं याला त्यात फार जागा नाही. दुसऱ्याचं ऐकून त्यात भर घालणं आणि निर्णयापर्यंत पोचणं, हे बघतात.

मुलाखत एका सीनियर ताईने घेतली. तिने विचारलं, "परीक्षेच्या आठवड्यात कंपनीची मीटिंग आली तर?"

मी म्हटलं, "मी जाणार नाही. पण परीक्षेच्या तारखा आधीच कळवेन आणि माझ्या जागी कोण जाईल तेही ठरवून ठेवेन."

"चालेल. मग तारखा आल्या की लगेच सांगायचं," असं म्हणून तिने ते लिहून घेतलं.

'मी कसंही करून जमवेन' हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण त्याच्या भरवशावर पुढचं नियोजन करता येत नाही. मला स्पष्ट 'नाही' आणि त्याबरोबरची सोय जास्त मोलाची वाटते.

आपणही प्रश्न विचारायचे असतात, हे मी आग्रहाने सांगेन. फी किती, आठवड्याला तास किती, काम शिकवणार कोण, संघटनेच्या परिषदेला जायचा खर्च कोणाचा, आणि गेल्या सत्रात किती जण मधेच सोडून गेले व का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरीही विचारा. त्याचं सरळ उत्तर देणारी शाखा सहसा नीट चाललेली असते. जिथे विषय बदलतात तिथे सावध राहावं.

निवड झाल्यावर इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांचा स्वागत-परिचयाचा कार्यक्रम, झालं. घोषणा, नाच, आरडाओरडा असतो. ज्यांना नको वाटतं त्यांनी मागे उभं राहावं, कुणी ओढत नाही.

खरी परीक्षा विभाग निवडताना असते. मार्केटिंगला गर्दी होते, कारण पोस्टर आणि रील डोळ्यांना दिसतात. मी आयजीटी मागितलं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेणाऱ्या कंपन्या शोधायचा विभाग. इथे एक्सेल शीट उघडून बसायचं: कंपनी, कुणाशी बोललो, तारीख, ते काय म्हणाले, पुढे काय. सुरुवातीला 'आमची संघटना अमुक साली स्थापन झाली' असं सांगायला लागलं की समोरून "मेल टाका" येऊन फोन बंद. आमच्या टीम लीडरने माझे फोन शेजारी बसून ऐकले आणि म्हणाली, "आधी त्यांच्या कामाचं बोल." मग मी त्या कंपनीची नोकरीची जाहिरात वाचून फोन करायला लागले: "तुम्ही जर्मन येणारा माणूस शोधताय असं दिसलं, त्याबद्दल बोलायचं होतं." लोक थांबून ऐकू लागले.

पहिला होकार एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडून आला आणि तिथून खरं शिक्षण सुरू झालं. कामाचं स्वरूप लिहून घ्यायचं, विद्यावेतन, राहायची सोय, व्हिसाची कागदपत्रं, करारातलं प्रत्येक कलम. मालकांनी विचारलं, "निवडलेला मुलगा ऐन वेळी आला नाही तर?" तशी शक्यता असते हे आम्ही मान्य केलं आणि दुसरा उमेदवार तयार ठेवायचं ठरलं. समोरच्याला अडचण आधी सांगितली की तो आपल्यावर जास्त विश्वास ठेवतो, हे मी त्या खोलीत पाहिलं. वर्गात हे शिकवता येईल असं मला वाटत नाही.

याला वेळ लागतो. शनिवार-रविवार जातात, हजेरीवर लक्ष ठेवावं लागतं. अभ्यास आधीच मागे पडला असेल तर एक सत्र थांबून अर्ज करावा, भरती पुन्हा निघते.

नोकरीच्या मुलाखतींत मला पदाबद्दल फारसं कुणी विचारलं नाही. ती कंपनी कशी मिळवली, नकार आल्यावर काय केलं, याबद्दल मात्र बराच वेळ बोलणं झालं. म्हणून त्या शीटमधले कामाचे आकडे दर महिन्याला आपल्या वहीत उतरवून ठेवा. कंपन्यांचे तपशील संघटनेचे असतात, ते नेऊ नयेत. आणि अनुभवाचं पत्र टीम लीडर बदलण्याआधीच मागून घ्या. आपलं काम जिने पाहिलं, तिने लिहिलेल्या पत्रात काय केलं ते नेमकं असतं.