हटून बसलेला स्टड

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन घरच्या पार्किंगमध्ये खोलताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) बाकीचे स्टड, म्हणजे डोके नसलेले आटेदार बोल्ट, निघाले. एक मात्र हटून बसला. दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटाला पाना लावला, तेव्हा स्टड फिरण्याऐवजी पिळवटत असल्याचे हाताला जाणवले आणि मी थांबलो; तुटलेला स्टड ड्रिलने काढण्याइतकी कटकट दुसरी नाही. रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू दिले. सकाळी हेडचा, म्हणजे स्टड ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाचा, तेवढा भाग ब्लोटॉर्चने तापवला (तेल आधी नीट पुसून, हे सांगायला नकोच), कारण हेडचे ॲल्युमिनियम स्टडच्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि आट्यांची पकड सैल होते. पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे असे करता करता बारीक करकर झाली आणि तपकिरी भुकटी सांडत स्टड बाहेर आला. हेडमधले आटे शाबूत होते.