चादरीचा लाल: तिसरा आठवडा

मागच्या नोंदीत इथवर आलो होतो: घरातली लाल-पांढरी सोलापुरी चादर खिडकीशी पसरून फोटो काढला, स्क्रीनवर झकास दिसला आणि प्रिंट काळपट आली. प्रिंटरचं हेड साफ करून झालं, शाई बदलून झाली, फरक काही पडला नाही. चादर मुद्दाम निवडली आहे. आकाशाचा रंग आपण आठवणीवर ताडतो, चादर प्रिंटच्या शेजारी धरता येते.

या आठवड्यात मित्राचा कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र, दोन दिवसांसाठी मिळाला. स्क्रीन अर्धा तास चालू ठेवली आणि मग डिस्प्लेकॅल या सॉफ्टवेअरमधून मोजणी केली. उजेड निघाला २४० कँडेला प्रति चौरस मीटर! तो १०० वर आणला, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) २.२, पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन. सुरुवातीला स्क्रीन मलूल वाटली, दुसऱ्या दिवशी डोळे सरावले. मग तीच फाइल उघडली तर ती प्रिंटइतकीच काळपट! म्हणजे प्रिंटर पहिल्यापासून बरोबरच छापत होता. इतक्या झगझगीत स्क्रीनसमोर बसून फोटो गडद करत गेलो होतो मीच. तुमच्याही प्रिंट काळ्या येत असतील तर शाईवर खर्च करण्याआधी स्क्रीनचा उजेड उतरवून बघा.

उजेड जमला, पण लाल राणी रंगाकडे झुकलेला. कारण सापडायला एक संध्याकाळ गेली. फोटोशॉपमध्ये कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) लावलं होतं आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्तीही चालूच होती. एकाच फाइलवर दोनदा संस्कार. ड्रायव्हरमधली बंद केली आणि राणी गेली.

मग या आठवड्यातला खरा आनंद. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल त्याची स्क्रीनवरची झलक, लावून गॅमटची (छापता येणाऱ्या रंगांच्या आवाक्याची) सूचना चालू केली, तर लाल पट्टा जवळजवळ सगळाच राखाडी झाला. तो लाल माझ्या शाईला आणि ल्युस्टर कागदाला पेलतच नाही. असे रंग कागदावर बसवायच्या दोन रीती करून बघितल्या. रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमध्ये आवाक्यातले रंग जागेवर राहतात आणि बाहेरचे काठावर आणून बसवले जातात. त्यामुळे लालाच्या सगळ्या छटा एकाच जागी गोळा झाल्या, वीण बुजली, पट्टा रंगाच्या थरासारखा सपाट दिसायला लागला. पर्सेप्च्युअल सगळेच रंग थोडेथोडे आत ओढतं. लाल किंचित उतरला, पण धागा न् धागा परत दिसला. चादरीच्या फोटोत वीण गेली तर उरलं काय? मी पर्सेप्च्युअल ठेवलं. साध्या निसर्गचित्राला मात्र रिलेटिव्हच घेईन, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन लावून, म्हणजे फोटोतला सगळ्यात गडद काळा कागदावरच्या काळ्याशी जुळवून.

प्रिंट रात्रभर वाळू दिली आणि सकाळी मामांकडे नेली. त्यांचा जन्म सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवण्यात गेला. मी प्रिंट आणि चादर घेऊन अंगणात उन्हात उभा राहिलो, तर म्हणाले, "अरे, शेड उन्हात बघत नसतेत. सावलीला ये की." ओसरीत दोन्ही शेजारी धरली, बराच वेळ न्याहाळली. "जमलंय. पण रात्री ट्यूबखाली बघितलास का?"

बघितलं नव्हतं. रात्री बघितलं आणि दोन्ही लाल वेगळे! सुताचा रंग वेगळा, शाई वेगळी. दिवसाच्या उजेडात दोन्ही डोळ्याला सारखे भासतात, ट्यूबच्या उजेडात फुटतात. यालाच मेटामेरिझम म्हणतात. रंगखात्यातली माणसं हे नाव न घेता वर्षानुवर्षं सांभाळत आली आहेत. कागदाचा पांढराही रात्री मळकट वाटला. त्यातलं चमक आणणारं द्रव्य अतिनील किरणांवर उजळतं, आणि घरच्या दिव्यात ते दिवसाच्या उजेडापेक्षा खूपच कमी असतात.

आता टेबलावर ५००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचा १०० पैकी आकडा) असलेला दिवा लावतोय. प्रिंट तपासायचा प्रमाण उजेड डी५० (साधारण ५००० केल्विनचा दिवसाचा उजेड) आहे, त्याच्या जवळ जाणारा. त्याच्याखाली आठवडाभर बघून मगच सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांचे फोटो छापायला घेणार. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीचा तो पांढरा कागदावर कसा उतरतो, ते पुढच्या नोंदीत.