उलट्या धारेला पाणी पाजताना

जपानातल्या ओकायामाजवळच्या ओसाफुनेत, तलवारीच्या भट्टीवर मी दुभाष्याचं काम करत होतो तेव्हाची गोष्ट. एका परदेशी गिऱ्हाईकाला साकाबातो करून हवी होती. जपानी चित्रकथांमुळे, म्हणजे मांगामुळे, गाजलेली ही तलवार: धार बाकाच्या आतल्या बाजूला, बाहेरची बाजू बोथट, म्हणजे समोरचा आडवा होईल पण मरणार नाही.

सेन्सेईंनी, म्हणजे भट्टीच्या उस्तादांनी, १४ सेंटिमीटरची चाचणीपट्टी घेतली. १५ सेंटिमीटरपासून पात्याची सरकारी नोंदणी लागते, आणि परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात. असल्या हौसेवर त्यातली एक कोण घालवेल?

माती, कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी कालवून धारेवर पातळ थर दिला, पाठीवर जाड. तो नीट वाळला नाही तर भट्टीतच गळून पडतो. मग खोली अंधारी केली, कारण ताप रंगावरून ओळखायचा असतो, साधारण ७५० ते ८०० अंश. पाण्यात धार झटकन थंड होते, कडक होते आणि फुगते. पाठ मऊ राहते. नेहमीच्या कतानाला, म्हणजे जपानी लांब तलवारीला, बाक येतो तो या फुगण्यामुळे, पाठीकडे.

इथे मात्र फुगणारी बाजू बाकाच्या पोटात! म्हणून पट्टी ऐरणीवर आधीच जास्त वाकवून घेतली होती. तरी पहिल्या खेपेला ती जवळजवळ सरळ झाली. दुसरीला आणखी बाक दिला, ताप बहुधा थोडा चढला, आणि पाण्यातून बारीक ‘टिंग’ ऐकू आलं. सेन्सेईंनी पट्टी पुसून उजेडात धरली. “हागिरे.” धारेवर आडवा, केसाएवढा तडा. याला औषध नाही.

“मग साध्या कतानाच्या पाठीने मारलं तर?” गिऱ्हाईकाने विचारलं.

पाठीवर घाव बसला की पातं लवतं आणि ताण येतो नेमका धारेवर. कडक पोलाद दाब सोसतं, ताण सोसत नाही. साकाबातोचं दुखणंही हेच. वर म्यानात ती धारेवरच टेकते आणि उपसताना लाकूड तासते. शिवाय किलोभर पोलाद डोक्यात बसलं तर धार कुठल्या बाजूला होती हे कोण विचारतंय! जपानच्या एदो काळातले (१६०३ ते १८६८) शिपाई गुन्हेगार जिवंत पकडायला जुत्ते वापरायचे: आकडा असलेली, बिनधारेची लोखंडी कांब.

आठवण म्हणून ती तडकलेली पट्टी गिऱ्हाईकाने मागितली. सेन्सेईंनी दिली नाही. ऐरणीवर दोन तुकडे करून भंगाराच्या पेटीत टाकली.