शेवटचा फर्मा

ज्या पुस्तकाचा शेवट मी २६ वर्षं शोधत होते तो मागच्या महिन्यात पोस्टानं घरी आला, तोही दोन हप्त्यांत. तेव्हापासून हे लिहायचं लिहायचं चाललंय. आज रविवार आहे, सासूबाई आडव्या झाल्यात, बसले लिहायला.

आठवीत असताना सेलूच्या वाचनालयातून मी पहिल्यांदा भुताचं पुस्तक घरी आणलं. खाकी पुठ्ठ्याचं बाइंडिंग, आत दाखल क्रमांकाचा जांभळा शिक्का, मागं तारखांची चिठ्ठी पार भरून गेलेली. मे महिना, लाइट गेलेली, माळवदावर बॅटरीच्या उजेडात वाचत होते, आणि तो माणूस वाड्यातल्या तळघराचं कुलूप काढतो, दाराला हात लावतो, आणि पुस्तकच संपलं. पान फाटलेलं नव्हतं, शेवटचा अख्खा फर्माच नव्हता, १६ पानं, शिवण उसवून कधीतरी गळून पडलेली. दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या मामांना विचारलं तर म्हणाले, "तसंच आलंय ते, दुसरं घेऊन जा." दुसरं नेलं, तिसरं नेलं, पुढं नोकरी लागली, लग्न होऊन परभणीत आले, पण ते दार काही डोक्यातून गेलं नाही. पुस्तकाचं नाव सांगत नाही, आमच्यातल्या दोघांचं अजून वाचायचं राहिलंय.

आमच्यातले म्हणजे आम्ही नऊ जण. परभणीत मी, उदगीरला रिटायर झालेले एक एसटी कंडक्टर काका, हिंगोलीत एक नर्सताई, अंबाजोगाईत मेडिकलला शिकणारा एक पोरगा, बाकीचे सांगली आणि पुण्याकडचे. आम्ही भयकथांची पुस्तकं जमवतो आणि पोस्टानं एकमेकांना पाठवतो. पुस्तकाला पुस्तक द्यायचं, पैशाचा व्यवहार नाही, पोस्टाचा खर्च पाठवणाऱ्याचा. नऊपैकी सहा जणांना मी अजून प्रत्यक्ष बघितलेलं नाही, पण कोण पुस्तकात कोणत्या रंगाच्या पेनानं रेघ मारतं ते माहितीये.

सगळ्यात जास्त मागणी अर्थातच नारायण धारपांना. १९२५ चा जन्म, २००८ ला गेले, आणि मराठीत भीती म्हटलं की अजून त्यांचंच नाव आधी निघतं. त्यांचा भुताखेतांशी झुंजणारा नायक समर्थ, त्याच्या कथा इतक्या पुस्तकांत विखुरल्यात की एखाद्यानं सगळ्या गोळा करायच्या म्हटल्या तर अर्धं आयुष्य जाईल. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचे चाहते वेगळे, त्यांना भुतापेक्षा माणसाच्या मनातलं आवडतं, मी त्यांच्यातली. मतकरी २०२० च्या मेमध्ये कोरोनात गेले तेव्हा आम्ही प्रत्येकानं त्या रात्री त्यांची एक कथा वाचली होती, आपापल्या घरी, एकाच वेळी. २०१८ ला तुंबाड आला आणि धारपांची जुनी पुस्तकं एकदम महाग झाली, रद्दीवालेसुद्धा नाव बघून भाव सांगायला लागले. त्या सिनेमामागं धारपांची एक कथा आहे, पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती आधी वाचली नव्हती, ऐकली होती, १९९३ ला नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून. मला हे फार आवडतं. भीतीची गोष्ट अशीच जाते, एकाकडून दुसऱ्याकडं.

आता कुणी म्हणेल, धारपांची कितीतरी पुस्तकं आपल्या संभाजीनगरच्याच साकेत प्रकाशनानं परत छापलीत, मग जुन्याच्या मागं कशाला लागायचं? नवीन घ्याच, मीही घेतलीत, पोरांना वाढदिवसाला तीच देते. पण जुन्या प्रतीत आधी वाचणारा माणूस बसलेला असतो हो. हिंगोलीच्या ताईनं पाठवलेल्या एका संग्रहात पान ८७ ला कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, "इथे थांबलो. रात्रीचे २. उद्या." आणि त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, "मी पण." मी वाचत त्या पानापर्यंत आले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. पुस्तक मिटलं आणि सरळ सासूबाईंच्या खोलीत जाऊन झोपले.

एक तक्रार मात्र आहे. मराठी भयकथा बघावं तेव्हा कोकणात, धो धो पाऊस, माजघर, विहिरीवर वाकलेलं झाड. वाचायला मलाही आवडतं, पण आपल्याकडची भीती तशी नाही. आपल्याकडची भीती दुपारची. भर बाराला, ऊन मी म्हणत असताना, कापूस वेचून झालेल्या मोकळ्या रानात एकटं जाऊ नको असं आजी सांगायची, मुंजा दुपारीच बसतो म्हणायची. सेलू तालुक्यात वालूरची बारव आहे, गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची, एकदा दुपारी तिथं एकटी उभी राहून बघा, चार पायऱ्या उतरलं की वरचा आवाज कमी कमी होत जातो आणि खालून गार हवा येते. यावर कुणीतरी लिहायला पाहिजे.

पॅकिंग हे एक शास्त्रच आहे. आधी प्लास्टिक, मग पेपर, मग साडीच्या दुकानातून मागून आणलेला पुठ्ठा, चारी कोपरे दुहेरी. डांबरगोळी आमच्यात बंद, वास पुस्तकातून वर्षभर जात नाही, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला ठेवायचा. उन्हाळ्यात जुनी पुस्तकं पाठवायची नाहीत, आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत कण्याचा डिंक तडकतो. एकदा मी घाईत एका कुरिअरनं पुस्तक पाठवलं, जुलैत, ते सांगलीला पोचलं तेव्हा पाणी गळत होतं. तिथल्या दादांनी दोन रात्री पानापानात टाल्कम पावडर टाकून फॅनखाली वाळवलं, तरी ३० पानं चिकटली ती चिकटलीच. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पोस्टाचे दर काकांना तोंडपाठ. छापील पुस्तकांची जुनी रजिस्टर्ड सोय होती तेव्हा ५ किलोचा गठ्ठा ८० रुपयांत जायचा, ती डिसेंबर २०२४ ला बंद झाली, तेव्हा चार-पाच महिने आमची देवाणघेवाण थंडच पडली. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमला २० रुपये, ५ किलोला १००. त्या दिवशी काकांचा सकाळी सातला फोन, "पोरी, सुरू झालं बघ!"

तर ते पुस्तक. वाचनालयानं जुनी पुस्तकं निर्लेखनात काढली तेव्हा मी रीतसर पैसे भरून तीच प्रत घेतली होती, शेवट नसलेली. काकांना सहज सांगितलं तर पलीकडून काही क्षण आवाजच नाही. मग म्हणाले, "आगं, माझ्याकडं हाय की ते. लातूरला गंजगोलाईत घेतलतं. पर त्याला सुरुवात नाही. पहिली १६ पानं गायब. ती माणसं त्या वाड्यात कशाला गेलती तेच मला आजवर कळंना."

मी म्हटलं फोटो पाठवा. नको म्हणाले. झेरॉक्सला पुस्तक पालथं दाबलं तर कणाच राहणार नाही. आणि ७१ वर्षांच्या त्या माणसानं शेवटचा फर्मा हातानं लिहून काढला, रेघांच्या फुलस्केपवर, निळ्या शाईत, खोडाखोड नाही, तिकिटांचा हिशेब लिहिणाऱ्याचं अक्षर. सोमवारी पाकीट आलं. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले, दार उघडलं, पायऱ्या, कंदील, आणि पंधराव्या पानाच्या खाली लिहिलेलं, "शेवटचं पान वेगळं टाकलंय. धीर धर."

चार दिवस! गुरुवारी पोस्टमन म्हणाले, "ताई, आज काही नाही." शुक्रवारी आलं. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच, मला बी कळू दे काय एवढं." वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या, मागच्या दाराची कडी बघून आल्या आणि म्हणाल्या, "जिन्यातली लाइट राहू दे आज."

काकांना मी माझी प्रतच पाठवते म्हटलं तर म्हणाले, "तू बी लिहूनच पाठव की, अक्षर बघू तुझं." सध्या अकराव्या पानावर आहे, रोज बँकेतून आल्यावर एक पान. पहिलं पान सगळ्यात शेवटी टाकणार आहे, वेगळ्या पाकिटात.